पंपहाऊसला हात न लावणारे तुकोजी अण्णा

जग बुडालंय, पडक्या शहरात बंदूकवाले गुंड मोकाट सुटलेत, आकाश तांबडंलाल झालंय, आणि आमचे तुकोजी अण्णा एका गळक्या नळापाशी ओणवे होऊन तो बंद करत बसलेत. हे दृश्य मी दर रविवारी त्यांच्या टीव्हीवर बघते. मागून गुंड येतो, गोळ्या घालतो. अण्णा मरतात, पुन्हा जिवंत होतात आणि सरळ त्याच नळाकडे चालू लागतात.

अण्णा माझे घरमालक. बनशंकरीत खाली ते एकटे, वर मी भाडेकरू. घराणं साडेतीनशे वर्षं याच मुलखातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलंय की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पाणीखात्यात सुपरवायझर होते. अजूनही रस्त्यानं जाताना कुणाच्या टाकीतून पाणी वाहताना दिसलं की बेल वाजवून घरच्यांना झापतात.

हा व्हिडिओ गेम त्यांच्या लेकीनं, मंजूनं, आणून दिला. ती सर्जापूर रोडला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. आई, म्हणजे आमच्या अक्का, गेल्यावर म्हणाली होती, दर रविवारी येईन. दोनदा आलीसुद्धा. तिसऱ्यांदा अर्धा रविवार सिग्नललाच गेला बिचारीचा. मग तिनं ही युक्ती काढली: दोघांनी मिळून खेळायचा खेळ, ती तिथून, अण्णा इथून, स्पीकरवर गप्पा चालू. एका जुलमी सरदारानं शहराचं पाणी बळकावलंय, ते सोडवायचं, एवढीच गोष्ट. बाकी वाट्टेल तिथे भटका, कुणी विचारत नाही. खेळाचं इंग्रजी नाव भलं लांबलचक आहे. अण्णा त्याला ‘पडकं ऊरु’ म्हणतात, म्हणजे पडकं गाव.

खेळासाठी त्यांनी एक वही केलीय. डाव्या पानावर गुण, उजव्यावर दोष. कंपनीला पाठवणार म्हणे! दोषांची पानं भरत चाललीत. एवढं थोरलं शहर आणि एकाही घरात मोरी नाही. लोक पाणी पितात, पण संडास कुठे? गटारांचा उतार उलटा. खलनायक कामाचं कमी बोलतो आणि ओरडतो जास्त. गुणांच्या बाजूला मात्र जेमतेम पाच-सहा ओळी: झाडं खरी वाटतात, चढावर माणसाला धाप लागते, कुत्री विनाकारण अंगावर येत नाहीत.

आणि दोन वर्षं झाली, खेळ एकाच जागी अडकलाय. कारण शेवटच्या कामगिरीत पंपहाऊस सुरुंगानं उडवायचं आहे.

“पंपहाऊस? माझ्या हातानं?” अण्णा कडाडतात.

“अप्पा, शत्रूचं आहे हो ते!” स्पीकरमधून मंजू.

“असू दे शत्रूचं. पंप काय शत्रू आहे? स्वल्प विचार कर गं!”

मी पुण्याची. दुसऱ्याचं काम अडलेलं दिसलं की गप्प बसणं माझ्याच्यानं होत नाही. ऑफिसच्या वेळात चार व्हिडिओ पाहिले आणि वाट शोधून काढली. पंपहाऊसच्या मागे एक लोखंडी दार आहे, वर लाल दिवा. आत एक व्हॉल्व्ह. तो फिरवला की पाणी शहराला सुटतं, सरदार पळून जातो, खेळ खतम. सुरुंगबिरुंग काही नको! शुक्रवारी सकाळी नाचतच खाली गेले. अण्णा चित्रान्नाला फोडणी घालत होते.

“काय हे अण्णा! जन्मभर व्हॉल्व्ह फिरवलेत आणि हा एक दिसला नाही?”

अण्णांनी गॅस बंद केला. “स्वल्प हळू बोल गं,” म्हणाले आणि खिडकीकडे असं बघितलं, जशी काही मंजू बाहेरच उभी आहे. “ते दार मला पहिल्याच महिन्यात दिसलंय.”

“मग?”

“मग काय? आत गेलं की खेळ संपतो. खेळ संपल्यावर रविवारी ती कशाला येईल?”

त्यांनी वही पुढे सरकवली. गुणांच्या पानावर सगळ्यात खाली लिहिलं होतं: ‘या शहरात मंजू दोन मिनिटांत घरी येते.’ स्वतःची अशी लाज वाटली म्हणून सांगू! त्यांच्या रविवारांवर मीच बोळा फिरवायला निघाले होते.

त्या रविवारी तोंड गच्च मिटून बसले. पडद्यावर मंजूचा गडी धावत आला. “अप्पा, जेवलात?” मग दोघं पंपहाऊसला वळसा घालत निघाले, मंजू पुढे. जाता जाता ती नेमकी लाल दिव्याखाली येऊन थांबली. लोखंडी दार समोर, पडद्यावर ठळक अक्षरांत ‘आत जा’. अण्णांचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

मंजूच्या गड्यानं दारावरून एकदा नजर फिरवली आणि पाठ वळवली.

“अप्पा, इथे काही नाहीये हं,” ती म्हणाली. “चला, पलीकडच्या गल्लीत एक नळ गळतोय.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघायचं टाळलं. तेच बरं, माझेही डोळे भरून आले होते.

“सरी, सरी, बरं,” ते म्हणाले. “तू हो पुढे. मी आलोच.”