सामान्य सभासद

मराठी माणूस परदेशात एकटा पडला, की त्याला आधी भूक लागते, मग आई आठवते आणि दोन्हींची सोय झाली की अध्यक्ष व्हावंसं वाटतं. हा निसर्गनियम आहे. मेलबर्न त्याला अपवाद नाही.

आमच्या युनीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या, मराठी विद्यार्थी मंडळाची स्थापना नवख्यांचा एकटेपणा दूर करण्याच्या उदात्त हेतूने झाली. त्यासाठी अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सांस्कृतिक सचिव, क्रीडा सचिव (क्रीडा नव्हती), बॅनरप्रमुख आणि मी, म्हणजे सहचिटणीस (चिटणीस नव्हता), असे झाडून सगळे पदाधिकारी झालो. धवल उशिरा आला. तोवर पदं संपली होती, म्हणून तो सामान्य सभासद.

धवल नगरचा. वेरिबीला, शहराच्या पार टोकाच्या उपनगरात, भाड्याच्या घरात राहायचा. घरातल्या बाकीच्यांच्या शिफ्टा उलटसुलट, त्यामुळे त्यांच्यापेक्षा त्यांच्या चपलाच त्याच्या जास्त ओळखीच्या. आमच्या दिवाळी संध्येला तो सुपरमार्केटातल्या ट्रॉल्या ढकलून थेट ट्रेनने आला. आम्ही सगळे स्टेजवर, तो एकटा समोर. अध्यक्ष शाल्मलीने "उपस्थित रसिकहो!" अशी सुरुवात केली, तेव्हा धवलने मागे वळून पाहिलं. मग प्रत्येकाचं भाषण झालं. विषय होता 'एकटेपणा आणि आपण'. धवलने प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या. शेवटी आम्ही सगळ्यांचा मिळून फोटो काढला. तो धवलने काढला. फारच सुरेख आलाय.

पुढे निवडणूक आली. शाल्मलीला पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं. सांस्कृतिक सचिव शंतनूलाही व्हायचं होतं. शाल्मली बॅनरवर स्वतःचं नाव गणपतीपेक्षा मोठं छापते, असा त्याचा आरोप होता. (साफ खोटं. दोन्ही सारखीच होती.) पण विद्यार्थी युनियनच्या क्लब ऑफिसरने नियम सांगितला, "कमिटीला मत नसतं, मेट. ऑर्डिनरी मेंबर्स ओन्ली."

म्हणजे लोकशाहीचा अख्खा भार धवलवर.

दुसऱ्याच दिवशी शंतनू त्याला गाडीने वेरिबीला सोडायला गेला. शंतनू राहतो बरोबर उलट्या टोकाला, पण तत्त्वासाठी माणूस काय करत नाही? शाल्मलीने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणला. लायब्ररीच्या पायऱ्यांवर तो उघडून देत तिने सहज विचारलं, "आई कशी आहे रे तुझी?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिच्या," धवल म्हणाला आणि एकदम रडायलाच लागला. इथे आल्यापासून हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

शाल्मली गडबडली. प्रचाराच्या आखणीत याची तरतूद नव्हती. पण लेक्चर बुडवून ती तिथेच बसून राहिली, आणि मताचा विषय काढायचं विसरली. (राजकीयदृष्ट्या ही घोडचूकच.)

मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे, मध्ये खुर्चीवर धवल.

"बोल रे," शंतनू म्हणाला.

"निवडणूक पुढे ढकलता येईल का?"

"का?"

"मत दिलं की तुम्ही परत स्टेजवर जाल," धवल म्हणाला. "मी परत खाली."

शंतनूला आपल्या बुटांच्या लेसचं अचानक कुतूहल वाटू लागलं. अखेर मंडळाने परंपरेला साजेसा तोडगा काढला. धवललाही पद दिलं, 'सामान्य सभासद प्रमुख'. धवल पहिल्यांदाच मोठ्याने हसला. ठराव एकमताने मंजूर झाला.

"मग आता ऑर्डिनरी मेंबर कोण?" ऑफिसरने विचारलं.

"कोणीच नाही," शाल्मली म्हणाली.

"देन नो क्लब. नो वरीज."

अशा रीतीने मंडळ बरखास्त झालं आणि आम्हाला भेटायला काही कारण उरलं नाही. म्हणून शुक्रवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, आम्ही वेरिबीला गेलो. धवलने मिसळ केली. क्रीडा सचिवाने कांदे चिरले, हा त्याच्या कारकिर्दीतला पहिला शारीरिक व्यायाम. भाषण झालं नाही. शाल्मली व्हिडिओ कॉलवर धवलच्या आईला "काकू, वाकवून दाखवा बघू" म्हणत होती आणि शंतनू मागून "जपून, जपून" ओरडत होता. पुढच्या शुक्रवारी कोणी मैत्रिणीला आणलं, कोणी कालच विमानातून उतरलेल्या मुलाला. आता लोक जिन्यापर्यंत बसतात. बॅनर नसूनही सगळ्यांना घर सापडतं.

एवढं छान चाललंय तर याला जरा नीट स्वरूप द्यावं, निदान एक अध्यक्ष तरी नेमावा, असं आमच्यापैकी अजून कोणी म्हटलेलं नाही.

तुम्ही मात्र आत्ता मनात म्हणालात. आणि त्या पदासाठी तुमच्या डोळ्यांसमोर जो चेहरा आला, तो काही धवलचा नव्हता. तो तुम्ही रोज सकाळी आरशात बघता.