तिसऱ्या मजल्यावरील किल्ला हप्त्यातून राखिला त्याची हकीकत

श्री गजवदन प्रसन्न. श्री कुलस्वामिनी प्रसन्न. बँकेचे शाखाधिकारी प्रसन्न होतील तर आणखीच बरे.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका राज्यी, ज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, मनोहरपंत टिळेकर नामे गृहस्थ दोन खोल्यांचा किल्ला बाळगून होते. साहेबी त्याची हकीकत पुसिली, ती जैसी ऐकिली तैसी लिहिली. पदरचे मीठ घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

किल्ला म्हणजे फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सबब शत्रूस चढावयास अवघड आणि पंतांच्या गुडघ्यांसही अवघड. बुरूज एकच, तो बाल्कनी, आणि त्यावर वाळत घातलेले निशाण रोज बदलत असे. किल्ला बँकेच्या कर्जाने घेतला. दरमहा पाच तारखेस हप्ता भरावा ऐसा करार, आणि पंतांनी आठ वर्षे तो पाळिला. पंत लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कारागीर. मग काय जाहले, लोक फोनवरच आमंत्रणे धाडू लागले, नवरानवरी फोनवरच नाचू लागली, आणि छापखान्याच्या मालकांनी पंतांचा पगार अर्धा केला. तीन हप्ते चुकले. तेव्हां बँकेचा खलिता आला कीं साठ दिवसांत वाट न काढिल्यास किल्ला जप्त होऊन लिलाव पुकारिला जाईल. पंतांनी तो खलिता देवापाशी ठेविला आणि दोन दिवस देवाकडे पाहिले नाही.

मग पंत शाखाधिकारी चौगुलेबाईंच्या दरबारी गेले. बाई भल्या. बोलिल्या, "काका, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. अडचण लिहून द्या. आमचा माणूस घरी येऊन परिस्थिती बघेल." पंत आनंदले आणि छापखान्यात बसून अर्ज स्वहस्ते छापिला. जन्मभर पत्रिकाच छापिल्या, दुसरी रीत ठाऊक नाही. सबब उरलेला जाड कागद, वर सोनेरी गणपती, कडेस वेलबुट्टी, आणि तळाशी हाताच्या सवयीने "आपल्या उपस्थितीने शोभा वाढवावी, ही विनंती" ऐसे पडिले. चौगुलेबाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. बोलिल्या, "काका, हे अडचणीतल्या माणसाचं पत्र वाटत नाही. साध्या कागदावर आणा." पंतांनी आणिले.

बँकेचे तपासनीस डोईफोडे, वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र, गुरुवारी अकरा वाजता येणार ऐसी वर्दी आली. तेव्हां पंतांचे कुटुंब कुमुदिनीबाई यांनी कंबर कसली. "माणूस पहिल्यांदा घरी येतोय. त्याला काय फुटक्या कपात चहा देऊ?"

पंत बोलिले, "अगं, तो आपली अडचण बघायला येतोय."

"अडचण काय शोकेसमध्ये मांडायची वस्तू आहे? ती तुम्ही तोंडानं सांगा. चहाचं माझ्याकडे लागलं."

बाईंनी चहूंकडून कुमक मागविली. समोरच्या घोलपवहिनींकडून सहा कपबश्या आणि पडदे आले, आणि दुसऱ्या मजल्यावरून सोफा आला, तो चौघांनी जिन्यातून तिरपा करून चढविला, त्या लढाईत भिंतीचा रंग आणि एकाची करंगळी जखमी जाहली. बंद पडलेल्या फ्रिजवर विणलेले झाकण घातले. आणि बाईंनी साजूक तुपाचा शिरा केला, ऐसा कीं वास तळमजल्यापर्यंत गेला. डोईफोडे सोफ्यावर बसले, दोन वेळा शिरा घेतला, कपबशीची तारीफ केली. पंत तोंडाने अडचण सांगत होते, परंतु तोंडात शिरा असलेल्या माणसास ती कितीशी पटणार? दरबारी अहवाल गेला कीं कुटुंब सुस्थितीत, मोठा सोफा, आदरातिथ्य उत्तम. अर्ज नामंजूर.

लिलावास बावीस दिवस उरले. पंत बाल्कनीत जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या उगाच घड्या घालीत बसले. ते बाईंस फार लागले. राग केला असता तर बरे होते. दुसरे दिवशी बाई एकट्याच दरबारी गेल्या आणि चौगुलेबाईंसमोर उभ्या राहून बोलिल्या, "मॅडम, ते सगळं शेजारचं होतं. चूक माझी आहे. ह्यांना काही बोलू नका." चौगुलेबाईंनी डोईफोड्यांस पुन्हा पाठविण्याचे कबूल केले. "पण या वेळी जसं आहे तसंच राहू द्या."

बाईंनी तुळशीपुढे शपथ घेतली कीं या खेपेस काही मागून आणणार नाही. डोईफोडे आले. सतरंजीवर बसले. फ्रिज उघडून पाहिला, आत गव्हाचा डबा आणि परात. पाव तास बाई हात पदरात गुंडाळून बसल्या, चेहरा ऐसा जैसा सासरी पहिल्या दिवशी. मग राहवेना. उठल्या आणि गुळाचा कोरा चहा स्टीलच्या वाटीत घालून पुढे ठेविला. तो चहा घरचाच, शपथ मोडिली नाही. इतक्यात दारातून घोलपवहिनी ट्रे घेऊन दाखल जाहल्या. "कुमुदताई, साहेब आलेत आणि तुम्ही कपबश्या न्यायला आला नाहीत. म्हटलं, गडबडीत विसरलात."

डोईफोडे कपांकडे पाहत राहिले. "काकू, मागच्या वेळचे कप हे?"

"यांचेच."

"पडदे?"

"यांचेच."

"सोफा?"

"खालच्या मजल्यावरचा."

"मग शिरा कोणाकडचा होता?"

"शिरा आमचा," बाई बोलिल्या. "दिवाळीचं तूप उरलं होतं, तेवढं सगळं घातलं. त्यानंतर आणलेलं नाही."

डोईफोड्यांनी वाटी उचलिली, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले, आणि मग लेखणी घेतली. काय लिहिले ते पंतांनी मागून चौगुलेबाईंच्या मेजावर उलटे वाचिले. कारागीरास उलटी अक्षरे सरळ दिसतात. मजकूर इतकाच कीं अर्जदार खरोखर अडचणीत आहेत, मागील अहवाल चुकीचा होता, त्यातील सोफा शेजारचा, शिरा स्वतःचा.

अर्ज मंजूर जाहला. हप्ता निम्म्यावर आला, आणि मुदत पंतांचे वय चौऱ्याहत्तर होईतोवर वाढली, तेव्हां पंतांस तितके जगणे करारानेच भाग पडिले.

तात्पर्य, लिलाव टळला, किल्ला राखिला, सोफा स्वस्थानी गेला. आपल्या बाजूचे तूप तेवढे कामी आले.