माने सरांच्या बरण्या

माने सर कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्यात आधी बोट बुडवतात, ते जिभेला लावतात आणि निकाल देतात, "बोअरचं हाय. खारट." परवा एका साखरपुड्यात मुलीच्या बापासमोरच दिला. बिचाऱ्याचं तोंड उतरलं.

सर आमचे शेजारी. मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिकले आणि सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. बायको केव्हाच गेली. एकुलती एक लेक शुभांगी, ती गेल्या वर्षी कोकणात खाडीकाठच्या गावी दिली. तेव्हापासून हा माणूस एका जागी बसत नाही. चहा उभ्यानं, पेपर येरझाऱ्या घालत.

त्यांच्या खिडकीत काचेच्या बरण्या आहेत. त्यांत कृष्णेचं पाणी आणि हिरवंगार शेवाळ. सर रोज त्यात चिमूटभर मीठ टाकतात.

"एकदम टाकलं तर पेशीतलं पाणी भाईर वढलं जातंय, मरतंय गड्या. पर दमानं घेतलं की सोसतंय."

हे सांगणारे सर स्वतः जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात.

लेकीलाही फोनवर तेच. सरांचा आवाज असा की भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येतं. "करमत न्हाई? घरात कुणी बोलत न्हाई? दमानं घे, पोरी. हुतीया सवय." फोन ठेवला की तडक बरणीपाशी. शेवाळ अजून हिरवं आहे ना, हे बघायला.

गेल्या महिन्यात शुभांगी फोनवर खूप रडली. सर सैरभैर झाले. मीठ टाकलं, खोलीभर फिरले, पुन्हा टाकलं. भाजीचं मीठही बहुधा तिथंच गेलं, कारण त्या दिवशी त्यांनी आम्हाला दिलेलं भरलं वांगं ठार अळणी होतं. मी चेष्टा करायला गेलो, तर सर बरणीसमोर उभे. शेवाळ पिवळं पडून तळाशी बसलेलं.

"मीच मारलं," सर म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. शेवाळासाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. हसायचं मात्र सुचलं नाही.

मग त्यांनी चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघत राहिले.

"तंतू तुटल्यात. पर जाड कवचाचं बीजाणू धरल्यात बघा. मिठात वाढायचं न्हाईत, नुस्ता जीव धरून बसत्यात."

त्यांनी गाळ गोड्या पाण्यात घातला आणि खिडकीपाशी फेऱ्या सुरू केल्या. जेवणाची आठवण आमच्या घरून करावी लागे.

एका सकाळी बेल वाजली. दारात सर, हातात बरणी. आत केसासारखा बारीक, कोवळा हिरवा तंतू. तिथंच उभं राहून त्यांनी फोन लावला.

"शुभे, माझं चुकलं गं. सवय कसली करतीस? बॅग भर. न्यायला येतोय मी."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. सर नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते.

माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. सरांनी बोट बुडवलं नाही. घटाघटा प्यायले आणि आमच्या खुर्चीत चक्क बसले.