ट्रॅक्टर सभेला आला

“एक ओरखडा! ट्रॅक्टरवर एक ओरखडा जरी पडला, तरी खुशाल विका तो!” थोरली म्हणाली, आणि आपल्या आवाजातला ठामपणा तिला स्वतःलाच फार आवडला.

धाकटं कुणी नसतानाही घरात तिला थोरली म्हणत. नोकरी वाचनालयात. मधमाशीपालनापासून पाणबुडीपर्यंत सगळ्यावर वाचून झालेलं, आणि जे वाचलं ते आपल्याला आलं अशी भाबडी समजूत.

“आणि नाही पडला तर?” काकांनी विचारलं.

“तर विकायचं नाव काढायचं नाही.”

वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचा ट्रॅक्टर शेतावरच्या शेडमध्ये उभा होता आणि काकांनी गिऱ्हाईक आणलं होतं, एक वीटभट्टीवाला. काकांचंही चुकत नव्हतं. चालवणारा गेला, आता लोखंड गंजत ठेवून करायचं काय? हे थोरलीलाही पटत होतं. सीटच्या रेक्झिनवर वडिलांच्या बसण्याचा खळगा अजून तसाच होता आणि त्यात वीटभट्टीवाल्याने बसावं हे तिला सोसवत नव्हतं, एवढंच. पण हे काय काकांना सांगायचं? म्हणून ती पैजेवर आली. शेतावरून घरापर्यंत, भर बाजारातून, ट्रॅक्टर ती स्वतः चालवत आणणार!

परवाना होता. शेतात वडिलांच्या देखरेखीखाली चार फेऱ्याही मारलेल्या. तिने आरसे पुसले, दिवे लावून पाहिले, टायरमधली हवा तपासली, मागे लाल त्रिकोण बांधला. एवढ्यात काका मडगार्डवर चढू लागले.

“काका, उतरा.”

“अगं, तुला सोबत नको?”

“बाबांनी कधी बसू दिलं होतं तिथे?”

काका निमूट उतरले आणि स्कूटरला किक मारू लागले. खरंच, सख्ख्या भावालाही त्या माणसाने कधी मडगार्डवर बसू दिलं नव्हतं! जन्मभर ट्रॅक्टर चालवला, पण साधी कुणाची फुलझाडाची कुंडी फोडली नाही.

आणि त्यांचा तो नमस्कार! शेताचं फाटक आलं की सडकेवर चढण्याआधी वडील थांबत, सीटवरून थेट पायांपर्यंत वाकत, क्षणभर तसेच राहत, आणि मगच पुढे जात. एरवी कुणापुढे मान न तुकवणारा माणूस यंत्रापुढे वाकतो, याचं आईला केवढं कौतुक! “नमस्कार केल्याशिवाय गाडी रस्त्याला लावायचे नाहीत हो,” असं ती येईल त्या पाहुण्याला सांगे. वडील नुसते हसत.

थोरलीही फाटकाशी थांबली, पायांपर्यंत वाकली आणि तिने मनोभावे नमस्कार केला. डोळे मिटून! उघडे ठेवले असते, तर पुढचं महाभारत टळलं असतं.

आता थोडं ब्रेकविषयी. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, शेजारी शेजारी. डावं दाबलं की मागचं डावं चाक अडतं आणि ट्रॅक्टर गर्रकन डावीकडे फिरतो. उजव्याचं तसंच उजवीकडे. शेताच्या कडेला वळायला हे फार सोयीचं. सडकेवर मात्र दोन्ही एकदम दाबली पाहिजेत. हे थोरलीला तोंडपाठ होतं. तिच्या पायाला नव्हतं.

पुढे काकांची स्कूटर, मागे थोरली, असा लवाजमा बाजारात शिरला. चौकाच्या डाव्या हाताला मांडव घातला होता. वाहतूक अधिकाऱ्यांचं भाषण चाललं होतं, विषय अवजड वाहने आणि रस्त्यावरील सुरक्षितता. मागे ही गर्दी! पहिल्या रांगेतल्या गाद्यांच्या खुर्च्या तेवढ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या, आणि अशा पाहुण्यांच्या नेमाप्रमाणे एकही पाहुणा आलेला नाही.

गर्दीत काकांना वीटभट्टीवाला दिसला. “अहो, इकडे!” असं ओरडत त्यांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली.

थोरलीने ब्रेक दाबला. पाय पडला तो नेमका एकट्या डाव्यावर!

“अवजड वाहन,” अधिकारी ध्वनिक्षेपकात गरजत होते, “गाफील क्षणी कोणत्या दिशेला वळेल हे सांगता येत—”

ट्रॅक्टर मांडवात आला. लगीनघरच्या रुसलेल्या जावयासारखा तडक पहिल्या रांगेत गेला, चार खुर्च्यांचा भुगा केला आणि अधिकाऱ्यांच्या टेबलापासून वीतभर अंतरावर गचका खाऊन बंद पडला. टेबलावरचा पेला थरथरला, पण पाणी सांडलं नाही.

मग टाळ्यांचा कडकडाट!

“याला म्हणतात प्रात्यक्षिक!” कुणीतरी ओरडलं.

“परत दाखवा! मागे दिसलं नाही!”

थोरलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणी काही फाटेना, म्हणून ती स्टिअरिंगखाली वाकून लपली. आणि तिथे, अगदी नाकासमोर, तिला एक कडी दिसली. दोन पेडलांना एकत्र जोडणारी, आता सुटी लोंबणारी. बाकी सगळ्या लोखंडावर गंज आणि चिखल, ही कडी मात्र बोटांनी घासघासून लखलखीत झालेली.

नमस्कार कसला! बाबा कडी लावत होते!

तिला हसू फुटलं. खांदे गदगदा हलू लागले, आवरेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं, ते तिलाही कळलं नाही.

“रडू नकोस गं बाई,” कुणी मावशी टेबलावरचा पेला घेऊन धावल्या. “खुर्च्याच तर मोडल्या!”

पाणी पिऊन थोरली सीटवर उभी राहिली. “हे प्रात्यक्षिक नव्हतं,” ती म्हणाली, “माझी चूक झाली.” आणि तिने ती कडी सगळ्यांना दाखवली. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हळूच उठले आणि बाहेर उभ्या केलेल्या आपापल्या ट्रॅक्टरखाली डोकावू लागले. अधिकारी म्हणाले, भाषण संपलं.

काका मात्र बॉनेटभोवती फिरत होते. “ओरखडे किती मोजू, थोरले? पैज हरलीस.”

थोरलीने खाली उतरून ओरखडे पाहिले. हरली होतीच. काकांनी वीटभट्टीवाल्याला हाक मारली. “या, बघून घ्या! आजच उचला!”

वीटभट्टीवाला चार पावलं मागे सरकला. “हा? सरळ चाललेला मध्येच सभेला घुसतो हा! नको बाबा. फुकट दिलात तरी नको!”

“अहो, ती कडी लावायची राहिली होती—”

“तुमची कडी तुम्हालाच लखलाभ!” आणि तो गेलासुद्धा. पाठोपाठ उरलेल्यांनीही माना हलवल्या. आता पंचक्रोशीत हा ट्रॅक्टर घेणारा कुणी उरला नव्हता.

काकांनी कपाळावर हात मारला. “ठेव बाई, तूच ठेव! खुर्च्यांचं मी बघतो.”

थोरलीने कडी लावली, दोनदा ओढून पाहिली, आणि ट्रॅक्टर घराच्या दिशेने काढला. छाती अभिमानाने फुललेली. वेग मात्र असा, की मागे वाहनांची रांग लागली, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने हॉर्न वाजवणारी स्कूटर काकांची होती.

तिने अजिबात लक्ष दिलं नाही. इतक्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी कडेकडेने चालत आल्या, ट्रॅक्टरच्या बरोबरीला आल्या, आणि पुढे निघून गेल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, “मला जरा घाई आहे गं, नाहीतर ढकलायला थांबले असते!”