सेनापतीचा डावा डोळा

डोळेमास्तरांनी शुक्रवारी संध्याकाळी सेनापतीचं मुंडकं घरी न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. असतं, तर पुढे जे झालं त्याची निदान थोडी तयारी तरी झाली असती.

मुंडकं लहानशा लिंबाएवढं होतं आणि रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचं होतं. (हे आधीच सांगितलेलं बरं.) मास्तर ज्या वर्कशॉपमध्ये काम करत, तिथे हौशी संग्राहकांसाठी फूटभर उंचीचे योद्धे बनत. त्यांना कुणी बाहुल्या म्हटलं की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "बाहुलीला कधी घाम आलेला पाहिलाय?" ते विचारत. "आमच्या योद्ध्याच्या नाकाच्या शेंड्यावर घाम असतो. कानामागे उन्हाने सोललेली कातडी असते. आधी निळ्या शिरा, त्यावर लाल, त्यावर पिवळट, असे अकरा हात दिल्यावर कातडीला कातडीचा रंग येतो. अकरा! भिंतीला दोन हात देताना रंगारी कुरकुरतात." भिंतीचा विषय निघाला की मास्तरांची बायको खोलीतून निघून जाई, कारण घराच्या भिंती मास्तर स्वतः रंगवणार होते. त्याला सहा वर्षं झाली होती.

कातडी, दाढी, चिलखतावरचा गंज ही कामं बाकीचे करत. डोळे मात्र बावीस वर्षं एकट्या मास्तरांचे. डोळा मसुराच्या दाण्याएवढा. त्यात पांढरा भाग पांढरा नसतोच, तो किंचित गुलाबी असतो. त्यावर बुबुळ, बुबुळाला गडद कड, मध्ये काळी बाहुली, आणि शेवटी प्रकाशाचा एक पांढरा ठिपका, जो जरा सरकला तरी सम्राट येडा दिसतो. हे सगळं मोजून पाच केसांच्या ब्रशने, श्वास रोखून.

आणि नजर? नजरेसाठी मास्तर कुणाकडे जात नसत. दिवाणखान्यात त्यांच्या लग्नाचा फोटो होता. त्यात तरुण मास्तर समोर बघत उभे होते, शांत, ठाम आणि किंचित ओल्या नजरेने. ती नजर त्यांनी आजवर नऊ राजांना, चार अंतराळवीरांना आणि एका देवदूताला दिली होती. "हे शिकून येत नाही," ते पाहुण्यांना फोटोखाली उभं करून सांगत. "उपजत असावं लागतं."

अशा माणसासमोर मॅनेजरबाईंनी डोळे छापणाऱ्या मशीनचं नाव काढलं.

"मास्तर, तासाला दोनशे डोळे छापतं."

"छापू दे की! वर्तमानपत्रंही छापतात. ती कुणी काचेच्या कपाटात ठेवतं का?"

"हे बघा, सेनापतीचं काम आलंय. त्याचे डोळे तुम्ही करा. मशीनपेक्षा सरस झाले तर मशीन बक्कलं आणि बटणं छापेल. नाही झाले, तर तुम्हाला बुटांच्या टेबलावर जागा आहे."

बुटांच्या टेबलावर योद्ध्यांच्या बुटांना चिखल लावत. बावीस वर्षं डोळ्यांत डोळे घालून काम केलेल्या माणसाने चिखल लावायचा! मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. (संध्याकाळी घरी दोनदा जेवले, पण ते रागाने.)

सेनापतीला त्याच्याच माणसांनी दगा दिलेला होता. "डोळ्यांत संताप हवा, पण आरडाओरड नको," अशी गिऱ्हाइकाची सूचना. शिवाय हे मुंडकं म्हणजे नमुना. कारखान्यात त्याकडे बघून हुबेहूब चार हजार सेनापती रंगवले जाणार. कारखान्यातली माणसं नमुना बघतात आणि काही विचारत नाहीत. मागे एकदा मास्तरांच्या ब्रशचा एक केस गळून एका राणीच्या मानेला चिकटला होता, तर तीन हजार राण्यांच्या मानेला मापून एकेक केस चिकटवून आला.

नमुना इमारतीबाहेर न्यायचा नाही असा सक्त नियम होता. पण वर्कशॉपमध्ये मशीन बसवण्याची ठोकाठोक चालली होती, तीत एकाग्रता कशी साधणार? निदान मास्तरांनी स्वतःला तरी हेच कारण सांगितलं. खरं कारण असं की अलीकडे ते काम हातभर लांब धरून बघायला लागले होते, आणि आता हातही पुरेनासा झाला होता. बायकोने मध्यंतरी त्यांना चष्मेवाल्याकडे ओढून नेलं होतं. मास्तरांनी त्याच्या तक्त्यावरच्या अक्षरांच्या कडा फाटक्या आहेत असं सांगून उलट त्यालाच झापलं होतं. तरी चष्मा झाला. तो घरात ड्रॉवरमध्ये पडून असे. त्याची रिकामी डबी मात्र मास्तरांच्या पिशवीत असे. ती आतून मखमली होती, आणि सेनापतीचं मुंडकं तीत अगदी फिट बसलं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं आणि फर्मान काढलं. पंखा बंद. मिक्सर बंद. चालायचं ते चवड्यांवर. कुणाला शिंकायचं असेल तर जिन्यात जाऊन शिंकायचं.

घरात शिंकण्याजोगी माणसं दोनच, बायको आणि सासूबाई. सासूबाई गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी पंधरा दिवस म्हणून आल्या होत्या, त्याला तीन महिने झाले होते. तरुणपणापासून तीस वर्षं त्या एका फोटो स्टुडिओत कामाला होत्या. तिथे त्या काय करत हे मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. पावत्या फाडत असतील, असा त्यांचा अंदाज होता.

उजवा डोळा दोन तासांत झाला. डावा होत आला तेव्हा मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "डावा डोळा जरा बाहेर पाहतोय."

मास्तरांनी ब्रश उचलला आणि सावकाश मान वळवली. "आई, तो बाहेर पाहत नाहीये. तो संतापलाय. संतापलेला माणूस असाच बघतो."

"संतापलेल्या माणसाचे दोन्ही डोळे एकाच माणसाकडे बघतात हो."

झालं! मास्तर उभे राहिले. बावीस वर्षं, नऊ राजे, चार अंतराळवीर, एक देवदूत, सगळ्यांची उजळणी झाली. मशीन, मॅनेजरबाई, चष्मेवाला, कुणी म्हणून सुटलं नाही. एका हातात मुंडकं आणि दुसऱ्या हातात तपकिरी रंगाने भरलेला ब्रश घेऊन ते पाऊण तास बोलत होते. सासूबाई ऐकत होत्या. त्या फक्त मास्तरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि एवढं निमूट ऐकून घेतलेलं पाहून मास्तरांना वाटलं, आज बाईंना कलेतलं काहीतरी कळलं. मग डोकं धरलं म्हणून जेवून ते झोपले.

उठले तो चार वाजलेले. मुंडकं खिडकीशी हातभर लांब धरलं आणि ते थक्कच झाले. काय नजर होती! सेनापती समोरच्याला भस्म करेल असं बघत होता. "बघ," त्यांनी बायकोला सांगितलं, "रंग वाळला की डोळा खुलतो. लोकांना धीर नसतो." बायको बघत होती, पण मुंडक्याकडे नाही, आपल्या आईकडे. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मास्तरांनी डोळ्यांवर वॉर्निशचा थेंब सोडला आणि सेनापतीला पुन्हा मखमलीत झोपवलं.

सोमवारी मॅनेजरबाईंनी मुंडकं भिंगाखाली धरलं. मग भिंग पुसून पुन्हा धरलं.

"मास्तर, हा डावा डोळा... अंगावर काटा आला बघा. मशीनच्या बापाला जमणार नाही."

मास्तरांनी नम्रपणे छताकडे पाहिलं.

"उजवा मात्र त्यापुढे अगदीच मेलेला वाटतो. घाईत केलात का? आणि हा तीळ कशाला काढलात?"

"कसला तीळ?"

"हा काय, उजव्या गालावर. चांगला ठसठशीत आहे."

मास्तरांनी मुंडकं हातभर लांब धरलं. गाल दिसला. तीळ दिसला नाही. मग त्यांनी भिंगातून बघितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. गालावर तपकिरी, टपोरा तीळ होता. दिसला नाही म्हणावं तर चष्म्याचं बिंग फुटतं. कुणीतरी लावला म्हणावं तर मुंडकं घरी नेल्याचं बिंग फुटतं.

"मुद्दाम आहे," मास्तर म्हणाले. "माणूस म्हटला की तीळ आलाच."

"वा! गिऱ्हाइकाला फोटो पाठवते. आणि उद्या मशीनवाले साहेब येतायत, त्यांच्यासमोर हा उजवा डोळा डाव्यासारखा करून दाखवा. एकदाच काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

मास्तर घरी आले ते धुमसतच. चप्पल एक दारात, एक सोफ्याखाली. "माझ्या सेनापतीच्या गालावर तीळ कुणी लावला?"

बायको आणि सासूबाई, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी विचारतोय! चार हजार तीळ होणार आहेत! चार हजार! आई, तुम्ही त्या दिवशी टेबलाशी आला होतात. खरं सांगा, तीळ तुम्ही लावलात की नाही?"

"तीळ नाही हो लावला," सासूबाई म्हणाल्या. "मी फक्त डोळा केला."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. एवढं बोलून झाल्यावर ते उघडं ठेवायचं काही कारण नव्हतं, पण मिटेना.

"तुम्ही झोपलात, तेव्हा डावा पुसला कापसाने आणि पुन्हा काढला. अख्खं घर तुमच्यापायी चवड्यांवर चालतंय, आणि हा बिचारा तिरळा बघत बसलाय. बघवेना मला. संतापासाठी नमुना शोधायला लागला नाही, पाऊण तास समोरच उभा होता."

"आणि तीळ?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता.

"अहो, भाषण करताना तुम्ही ब्रश कसा हलवत होता," बायको म्हणाली. "आईच्या चष्म्यावर बघा."

सासूबाईंच्या चष्म्याच्या डाव्या काचेच्या कोपऱ्यात तसाच टपोरा तपकिरी ठिपका होता.

"मी तीळ पुसणार होते," सासूबाई म्हणाल्या. "मग म्हटलं, असेल बाई कला. डोळा चुकलेला कळतो, तीळ चुकलेला कसा कळणार?"

मास्तर खुर्चीत बसले. "पण तुम्हाला डोळा काढता कसा येतो? पावत्या फाडता फाडता?"

"कुणी फाडल्या पावत्या? तीस वर्षं रिटचिंग केलं मी. फोटो काढताना माणसं डोळे मिटतात. मिटलेले डोळे उघडायचं काम माझं. एका लग्नात तर फ्लॅश असा उडाला की अख्खी पहिली रांग मिटलेली. सगळ्यांचे उघडले." सासूबाई जरा थांबल्या आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याही फोटोत तू तेवढी नीट आलीस."

मास्तर हळूहळू उठले, ड्रॉवर उघडून चष्मा काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकावर चढवून लग्नाच्या फोटोसमोर स्टुलावर उभे राहिले. शांत, ठाम, किंचित ओल्या नजरेभोवती ब्रशची बारीकशी रेघ स्पष्ट दिसत होती. (फोटोमागची भिंतही त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.)

"म्हणजे देवदूताला..." ते पुटपुटले.

"छान झाला होता हो देवदूत," सासूबाई म्हणाल्या. "मी ओळखले डोळे."

त्या रात्री मास्तरांनी पुष्कळ संतापून पाहिलं, पण कुणावर संतापावं ते ठरेना. डोळे गेले ते गेलेच, पण उद्या सगळ्यांसमोर हात थरथरला तर मशीन जिंकणार, आणि मशीनने जिंकावं हे त्यांना सासूबाईंनी जिंकण्यापेक्षाही असह्य वाटत होतं. निदान सासूबाई माणूस होत्या.

सकाळी सासूबाई मास्तरांपाठोपाठ वर्कशॉपमध्ये शिरल्या तेव्हा मशीनवाले साहेब टाय सारखा करत होते. मास्तरांनी घसा खाकरला. "मॅनेजरबाई, मुंडकं मी घरी नेलं होतं. आणि तो डावा डोळा माझा नाही. यांचा आहे. माझ्या सासूबाईंचा."

मॅनेजरबाई कधी त्यांच्याकडे, कधी सासूबाईंकडे बघत राहिल्या. "आणि तीळ?"

"तीळ माझा," मास्तर म्हणाले.

सासूबाईंनी उजवा डोळा अकरा मिनिटांत केला. पंखा चालू होता. पलीकडे ठोकाठोक चालू होती. त्या मध्येच साहेबांना गुडघ्याचं तेल सांगत होत्या. डोळा झाला तेव्हा साहेबांनी भिंगातून पाहिलं, एक पाऊल मागे सरकले आणि बक्कलांचे दर सांगायला लागले.

आता सासूबाई आठवड्यातून तीन दिवस वर्कशॉपमध्ये येतात आणि खिडकीशी, मास्तरांच्या जुन्या जागेवर बसतात. मास्तरांना कुणी बुटांच्या टेबलावर पाठवलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं: डोळे उत्तम, पण तीळ म्हणजे कमाल. कारखान्यातल्या पाच टेबलांसाठी पाच नमुने हवेत, तीळ अगदी तसाच, ज्याने काढला त्याच्याच हातचा.

तेव्हापासून चष्मा लावून मास्तर तीळ काढतायत. पाच केसांचा ब्रश, श्वास रोखून. एक फार गोल होतो, एक पसरतो, एक कानाकडे जातो. पुसतात, पुन्हा काढतात. वर्कशॉपने त्यांचं नावही बदललंय. तीळमास्तर! तीळ काही सोपा नसतो, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, असं ते तावातावाने सांगतात. (ब्रश खाली ठेवून सांगतात.)

काल एकदाचा जमला. मास्तरांनी मुंडकं अभिमानाने उजेडात धरलं. खिडकीपासून सासूबाईंनी मान वर केली, चष्मा जरा पुढे ओढला, आणि सगळं वर्कशॉप ऐकत असताना म्हणाल्या, "जावईबापू, तीळ जरा बाहेर पाहतोय."