मुरलीनानांचे चांगले जंतू

चाळीसगाव-धुळे एसटीत आमचे शेजारी मुरलीनाना बर्फाचा डबा सावलीच्या बाजूच्या सीटवर ठेवत आणि स्वतः शेजारी उभे राहत. डब्यात नातीच्या औषधाच्या पुड्या असत. बस खड्ड्यात आदळली की ते ड्रायव्हरला सांगत, "हळू चालाव, भाऊ. यामा बठ्ठा जित्ता जीव शेतस." म्हणजे यात सगळे जिवंत जीव आहेत.

त्या सात वर्षांच्या नातीला, आर्वीला, आकडी येते. धुळ्याच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्यांच्या जोडीला पोटात चांगले जंतू वाढवणारी पूड लिहून दिली. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. ही नुसती जोडीला. उपयोग होईलच असं नाही, काही महिने बघू," असं ते म्हणाले होते. नानांनी त्यातलं 'चांगले जंतू' तेवढं धरून ठेवलं. रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा हा माणूस गल्लीत ज्याच्या त्याच्या पोटाची चौकशी करू लागला. माझ्या हातात सोड्याची बाटली दिसली तर म्हणाले, "मास्तर, पोटात लेकरं शेतस. जरा दमानं."

दर रविवारी ते पुड्या पोचवायला धुळ्याला मुलाकडे जात. रोज सकाळी सुनेला फोन असे. "गोळी झाली? मग आता जंतू सोडा." सून "हो, नाना" म्हणून फोन ठेवी.

दिवाळीत त्यांचा मुलगा भेटला. "सर, ही पूड आमच्या घराखालच्या मेडिकलमध्ये मिळते. बर्फातही ठेवावी लागत नाही. नानांना कितीदा सांगितलं."

मी नानांना विचारलं. ते हातातल्या पेपरची घडी घालत राहिले.

"माहीत शे मला," ते म्हणाले. "गेल्या वर्षी पोरगी इथं राहायला आली होती. आकडी आली. मी तिच्या दातांत चमचा घातला. लोक घालतात म्हणून. दोन दात तुटले. डॉक्टर म्हणाले, तोंडात काही घालायचं नसतं, नुसतं कुशीवर वळवायचं. सून एक शब्द बोलली नाही. पण पोरीला पुन्हा माझ्याकडे पाठवलं नाही. औषध घेऊन आलेल्याला मात्र 'आत या' म्हणावंच लागतं."

होळीनंतर डॉक्टरांनी पूड थांबवली. आकडी कमी झाली होती, पण ती गोळी बदलल्यावर. पुडीने फरक पडला असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसून होते.

"जात का नाही?" मी विचारलं.

"दारात काय सांगू?"

"सहज आलो म्हणायचं."

ते वाक्य त्यांनी हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मीच त्यांना गाडीवर बसवून स्टँडवर सोडलं.

एरवी ते संध्याकाळी परतत. सोमवारी मी शाळेत निघालो तरी त्यांच्या दाराला कुलूपच होतं. राहवेना, म्हणून सुनेला फोन लावला.

"नाना आर्वीला शाळेत सोडायला गेलेत," ती म्हणाली.

"एकटेच?"

"हो. मीच पाठवलं."