दोन ब्रेकची गाडी

कायद्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये, कारण तो मी स्वतः शिकवतो. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बाकीचे स्कूलवाले क्लच-गिअर दाखवतात आणि माणूस रस्त्यावर सोडून देतात. माझ्याकडे वर्गही असतो. त्यात मी दोन गोष्टी घसा फोडून सांगतो. एक, प्यायलात तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दोन, पोलिसांनी धरलंच तर घाबरायचं नाही, आपले हक्क मागायचे.

त्या दुपारी मी पहिली गोष्ट तंतोतंत पाळली, आणि तरीही धरला गेलो!

झालं असं की साडूभाऊंना बढती मिळाली, म्हणून त्यांच्या घरी जेवण होतं. साडूभाऊ भलते आग्रही. नको म्हणणाऱ्याचा ग्लास ते सगळ्यात आधी भरतात. निघायच्या वेळी मला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटायला लागलं, की आपण गाडी चालवण्याच्या लायकीचे उरलो नाही, हे मी लगेच ओळखलं. किल्ली सरळ बायकोच्या हातात दिली.

"मी?" ती म्हणाली. "भर बाजारातून?"

"तूच. तू थेंबही घेतलेला नाहीस. आणि शेजारी मी आहेच की."

बायको गाडी शिकत होती. मी ओरडतो म्हणून इतकी वर्षं ती माझ्याकडे शिकायला तयारच नव्हती. शेवटी तिच्या आत्यासमोर मी न ओरडण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे तिनं शिकाऊ लायसन्स काढलं. आतापर्यंत तिची मजल मैदानाभोवतीच्या रिकाम्या रस्त्यापलीकडे गेली नव्हती. गाडी अर्थात स्कूलचीच. टपावर पाटी, आणि शिक्षकाच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक.

खरं सांगतो, बाईनं गाडी झकास काढली. घात केला तो माझ्या पायानं. शिक्षकाच्या पायाला डोकं नसतं, सवय असते. त्यात पोटात साडूभाऊंचा आग्रह. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला आहे त्यापेक्षा जवळ दिसत होता. भाजीवाली दिसली, मारला ब्रेक. कुत्रं दिसलं, मारला ब्रेक. एका दुकानाच्या मोठ्या काचेत मला आमचीच गाडी समोरून येताना दिसली, तर तिलाही वाट द्यायला मी ब्रेक मारला. मागे हॉर्नचा नुसता गलका झाला, एक ट्रक तर आम्हाला टेकता टेकता थांबला. चौकात हवालदारानं हात दाखवला.

त्यानं आधी बायकोपुढे फुंकायचं यंत्र धरलं. तिनं परीक्षेला बसल्यासारखं मन लावून फुंकलं.

"पास का हो?" तिनं विचारलं.

"पास, ताई. मग गाडी अशी का चाललीय?"

"गाडी नीटच चाललीय," बायको म्हणाली. "ब्रेक हे मारतायत."

हवालदार खिडकीतून आत वाकला. त्यानं आधी माझे पाय पाहिले, मग मला पाहिलं. उरलेलं काम त्याच्या नाकानं केलं.

"तुम्ही फुंका."

"मी का म्हणून? मी चालक नाही. चालक ही आहे."

"यांचं लायसन्स शिकाऊ आहे. सोबत शिक्षक लागतो. शिक्षक कोण?"

"मी," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात?"

"अर्थात! शेजारचा शिक्षक हाच गाडीचा धनी. वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगतो हे."

"मग फुंका," हवालदार म्हणाला.

यंत्रानं जे सांगायचं ते सांगितलं, आणि आमची वरात चौकीत गेली.

आता माझ्या वर्गातला दुसरा धडा कामाला लावायची वेळ आली होती. टेबलामागे एक दमलेले पण भले साहेब बसले होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि खड्या आवाजात म्हणालो, "अटकेचं कारण समजून घ्यायचा मला हक्क आहे."

"आहे ना. बसा," साहेब म्हणाले. "नशेत असताना गाडी तुमच्या ताब्यात होती, म्हणून."

"पण मी चालवत नव्हतो."

"बरं. म्हणजे बाई शिक्षकाशिवाय, एकट्या चालवत होत्या. मग तुम्हाला सोडतो आणि त्यांना धरतो."

"नाही, नाही. शिक्षक होता. मी होतो."

"हे होते हो," बायको मध्ये पडली, "पण चालवत मी होते. थेट बाजारातून आणली गाडी. गचके बसले ते यांचे. माझा एकही गचका नाही."

साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बायकोला वाटत होतं की चौकशी तिच्या ड्रायव्हिंगची चाललीय. ती आपली बाजू जितकी प्रामाणिकपणे मांडत होती, तितका मी खोलात जात होतो. मी चालक ठरलो तर माझं लायसन्स जाणार, म्हणजे स्कूलला कुलूप आणि घराला उपास. मी चालक नाही ठरलो तर खटला बायकोवर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मी स्वतःच्या तोंडानं खणलेली.

"मला नातेवाइकांना कळवायचा हक्क आहे," मी म्हणालो.

साहेब बायकोकडे वळले. "ताई, तुमच्या यजमानांना अटक झालीय."

"हो, कळलं," ती म्हणाली.

"कळवलं," साहेब मला म्हणाले.

मग मी यंत्रावर अविश्वास दाखवला आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायची मागणी केली. ते तसंही तपासणारच होते. पुढे त्याचा अहवाल आला तेव्हा कळलं, यंत्रानं माझी बरीच भीडभाड ठेवली होती. माझ्या रक्तानं काहीच ठेवली नाही.

शेवटचा हक्क वकिलाचा. आमच्या घरात वकील एकच, बायकोची आत्या. दर कौटुंबिक जेवणात मी तिला कायदा समजावून सांगायचो आणि ती मुकाट्यानं जेवायची. ती घरच्या चपलांवरच चौकीत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"जावईबापू, किती बोललात?"

"सगळंच."

"गप्प बसायचा हक्क असतो, माहीत होतं?"

"आत्या, मी तो शिकवतो."

"हं," आत्या म्हणाली. त्यानंतर चौकीत मी एक अक्षर बोललो नाही.

गुन्हा जामिनाचा होता. जामीन राहायला बायको पुढे झाली. साहेबांनी विचारलं, "यांना तारखेला हजर करायची जबाबदारी घेता?"

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?" ती म्हणाली, आणि तिनं सही केली. त्या सहीकडे बघताना मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. थोडा दोष साडूभाऊंचा असेल, पण सगळा नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला जेवणाच्या टेबलाशी बसवून समजावलं. "दोन वाटा आहेत. एक, लढायचं. यंत्र नीट तपासलेलं होतं का, रक्त नीट ठेवलं होतं का, सगळं विचारता येतं. तो तुमचा हक्क आहे. तुम्ही चालवतच नव्हता, हाही मुद्दा मांडता येईल. कदाचित जिंकूही."

"मग लढू या."

"जिंकलात तर बाजारातून शिक्षकाशिवाय गाडी कुणी आणली?"

आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात पाहिलं. बायको तिथे रिकामी ताटली दोन्ही हातांत धरून उजवीकडच्या वळणाचा सराव करत होती.

"दुसरी वाट, कबूल करायचं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "दंड होईल, लायसन्स काही महिने जाईल. पहिलाच गुन्हा आहे, कुणाला लागलेलं नाही. पण कोर्टात जे खरं आहे तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

कुणाला लागलेलं नाही! हे तीन शब्द मी त्या रात्री उशाशी घेऊन झोपलो. मागचा ट्रक वेळेवर थांबला नसता तर? ज्या हवालदारावर मी दिवसभर दात खात होतो, त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले. ट्रकवाल्याचे मानले, भाजीवालीचेही मानले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगात मोठेपणा संचारला, आणि मी ठरवलं की सगळा दोष आपल्या माथी घ्यायचा, बायकोचं नावही येऊ द्यायचं नाही.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"आहे, साहेब," मी म्हणालो. "गाडी मीच चालवत होतो. ही शेजारी नुसती बसली होती."

आत्यानं डोळे मिटले. मागच्या बाकावरून आवाज आला, "नुसती बसली होती?"

बायको उभी राहिली होती. "साहेब, आख्खा बाजार मी पार केला. गिअर मी बदलले, वळणं मी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि हे म्हणतात नुसती बसली होती."

"खाली बस, पोरी," आत्या कुजबुजली.

"का बसू? परत तेच सांगतील."

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला वाचवायला ते स्वतःवर घेतायत, असं दिसतंय."

"मला वाचवायला नको, साहेब. त्यांना खरं बोलायला सांगा."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. आता सुटका नव्हती. मी म्हणालो, "साहेब, चालवत ही होती. उत्तम चालवत होती. पण शिक्षक मी होतो, गाडी माझ्या ताब्यात होती आणि मी प्यायलेलो होतो. ब्रेक माझे. चूक माझी, सगळी."

बायको हळूच खाली बसली. आत्यानं मला नंतर सांगितलं, की कायद्यानं मी नेमकं हेच म्हणायचं होतं आणि आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून हेच घोकून घेतलं होतं. मला ते अजिबात आठवत नव्हतं, आणि या वेळी दोष साडूभाऊंचाही नव्हता.

दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं. बायकोवर काहीही आलं नाही. स्कूलला कुलूपही लागलं नाही, कारण माझा कट्टर स्पर्धक, ज्याची मी वर्गात नेहमी टिंगल करायचो, त्यानं आपली एक शिक्षिका आमच्या गाडीवर आपणहून पाठवली. तिच्या हाताखाली बायको पहिल्याच फटक्यात पास झाली. या सगळ्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. विसरायची सोयही नाही, कारण बायकोनं आत्याकडून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मागवली, तिला चौकट केली आणि स्कूलच्या वर्गात फळ्याच्या वर टांगली. माझ्या जबाबातल्या 'उत्तम चालवत होती' या शब्दांखाली तिनं लाल रेघ ओढलीय.

नवीन येणारा प्रत्येक जण ती चौकट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, माझ्याकडे बघतो आणि अदबीनं विचारतो, "वहिनी शिकवतात का हो?"